देवाचे कोरडे पाय

पुणतांब्याच्या वरच्या अंगाला गोदावरी दोन फाटे घेते आणि मधे एक बेट सोडून देते, असं या गोष्टीपुरतं धरून चाला. बेटाला नाव नव्हतं. सगळे नुसतं बेट म्हणत. दक्षिणेचा काठ आपला, नगर जिल्ह्यातला. उत्तरेचा मोगलाईतला, म्हणजे निजामाचा. बेट खरं कुणाचं ते नदीलाच ठाऊक, आणि ती पावसाळ्यात अधूनमधून आपला हक्क सांगून जाई. वस्ती एका हाकेत मावेल एवढी. वरच्या आळीत भिक्षुकी करणाऱ्या ब्राह्मणांची दगडी घरं, मधे मळईतल्या गाळात टरबुजं आणि वांगी पिकवणारे शेतकरी, आणि खालच्या टोकाला होडीवाल्यांची मातीची घरं.

वरच्या आळीतले मार्तंडराव नगरच्या हायस्कुलात उभा जन्म इतिहास-भूगोल शिकवून पेन्शनीत निघाले आणि वडिलांच्या घरी येऊन राहिले. आता गप्प बसतील तर ते मास्तर कसले? त्यांनी बेटाचा इतिहास लिहायला घेतला. कुणी पाहुणा चहाला आला की त्याला आधी घराभोवती फेरी मारावी लागे. तोवर चहा गार होई आणि त्यांच्या पत्नी अंबिकाबाई तो मुकाट्याने पुन्हा चुलीवर ठेवत.

"हे पाहा," मार्तंडराव काठीने दाखवत, "आमची प्रत्येक गल्ली प्रवाहाच्या दिशेने गेलीय. आडवी एकही नाही. प्रत्येक घराची अरुंद बाजू पश्चिमेला, कारण पाणी तिकडून येतं. पुढचं दार आणि मागचं दार एका रेषेत. पूर आला की दोन्ही दारं उघडायची. पाणी एका दाराने येतं, दुसऱ्याने जातं, भिंतीला धक्का लावत नाही. आणि ती पश्चिमेची भिंत पाहा, होडीच्या नाकासारखी टोकदार. इथला एकही दगड उगाच बसवलेला नाही."

बोलत होते ते सोळा आणे खरं होतं. फक्त ते शेवटचं वाक्य मार्तंडराव इतक्यांदा बोलत की त्यांनी स्वतः ते कधी ऐकलंच नाही.

बेटाच्या दक्षिण घाटावर मारुती होता. माणसाएवढा उभा दगड, शेंदराने लालभडक झालेला, तोंड दक्षिणेकडे, म्हणजे थेट समोरच्या काठाकडे. देव घाटाच्या अगदी खालच्या अंगाला, पायऱ्यांच्या कुशीत बसवलेला. पावसाळ्यात होड्या बेटावर ठेवता येत नसत, प्रवाह त्या घाटावर आपटून फोडायचा. म्हणून आषाढ लागला की होडीवाले होड्या घेऊन समोरच्या काठाला जात आणि तिथेच खोपी घालून राहत. मग पूर चढला तर बेटावरच्या माणसांना आणायला कधी निघायचं, हे ठरवणार कोण? तर हा देव. काठावरून देवाचे लाल पाय स्वच्छ दिसत. पाणी चढून ते पाय दिसेनासे झाले की होडीवाल्यांनी होड्या सोडायच्या, कुणी बोलवायची वाट पाहायची नाही. आणि पाय दिसताहेत तोवर कुणी कितीही हाका मारो, हातवारे करो, होडी हलवायची नाही. कारण फार जुन्या एका पुरात बायाबापड्यांचा आकांत ऐकून होड्या अवेळी निघाल्या आणि माणसांसकट बुडाल्या. तेव्हापासून भित्र्याच्या हाकेवर बेटाचा विश्वास नव्हता. विश्वास देवाच्या पायांवर होता.

लोकांची समजूत अशी की गंगा, म्हणजे आपली गोदावरीच, तिथले लोक तिला गंगाच म्हणतात, देवाच्या पायाला शिवायला येते. शिवून झालं की ती पुढे काय करायचं ते करते. समजूत गोड होती आणि मार्तंडरावांनाही ती गोडच वाटे.

गोड वाटत नसे ती एक गोष्ट. दर श्रावणात देवाच्या पायथ्याशी गाळ साचे. शेंदरावर चिखल, पायाशी शेवाळ, प्रसादाला बसलेली बेडकं. देव असा गटारात उभा केल्यासारखा का, याची मार्तंडरावांना मनातून लाज वाटे. जर्मन-जपानची लढाई संपली त्या हिवाळ्यात त्यांनी जीर्णोद्धार मनावर घेतला. सगळं बेट कामाला लागलं. समोरच्या काठावरून घडीव काळा दगड आणला तो गोरक्षाने, आपल्याच होडीतून. चुना बैलाच्या घाणीत मळला, त्यात गूळ आणि बेलफळाचा रस घातला. गोरक्षाची म्हातारी आई साळूबाई चुन्याची घमेली डोक्यावर घेऊन पायऱ्या उतरली. कमरेएवढा देखणा चौथरा झाला आणि दक्षिणमुखी त्यावर चढला. पाहून प्रत्येकाचं मन भरून आलं. आता गंगेला पायाला शिवायचं तर थोडं वर यावं लागेल, असं कुणीतरी म्हणालं आणि सगळे कौतुकाने हसले.

हसले, यात मला नवल वाटत नाही. नवल मार्तंडरावांचं वाटतं. गल्ल्या का अशा, दारं का अशी, होडी बांधायच्या कड्या भिंतीत का ठोकल्या, या माणसाने सगळं शोधून काढलं. घरं माणसांनी बांधलेली, म्हणून त्यांत कुणाची तरी अक्कल असणार हे त्यांना दिसलं. देव मात्र देवाचा. तो कुठे उभा आहे यातही कुणा माणसाची अक्कल असेल, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

पुढच्या भाद्रपदात गणपती उठले आणि वर नाशकाकडे पावसाने ठाण मांडलं. सकाळी पाणी लाल झालेलं दिसलं, तेव्हा बेटाने नेहमीची कामं नेहमीसारखी केली. धान्य माळ्यावर गेलं. पुढची-मागची दारं उघडून दगडाने अडवली. बायकांनी गाठोडी बांधून ओट्यावर ठेवली आणि पोरांना पायऱ्यांकडे जाऊ नका म्हणून दटावलं. घाबरलं कुणी नाही. घाई करायची ती देवाने सांगितल्यावर, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

साळूबाई खालच्या टोकाकडून काठी टेकत वर आली आणि मार्तंडरावांच्या ओट्यापाशी थांबली.

"मास्तर, माज्या डोळ्यांस्नी आता लांबचं दिसत न्हाई. देवाचं पाय वलं झालं का, बगा की जरा."

मार्तंडराव घाटाच्या तोंडाशी जाऊन पाहून आले. आळसाने तिथूनच सांगून टाकलं असं नव्हे, खरंच जाऊन पाहिलं.

"कोरडे आहेत, साळूबाई. निवांत राहा."

"मग शेळीला चारा टाकून येते. सकाळधरनं वरडतीय."

"या जाऊन. वेळ आहे अजून."

ती खालच्या टोकाकडे निघून गेली.

दुपारी जेवण उरकून मार्तंडराव पानाचा डबा उघडून बसले होते. अंबिकाबाई मोरीवर हात धुवायला गेल्या त्या तिथेच उभ्या राहिल्या.

"अहो, इकडे या जरा."

मोरीच्या भोकातून पाणी जायचं असतं. ते येत होतं. लाल, गढूळ, फेस घेऊन, स्वयंपाकघराच्या फरशीवर सावकाश पसरत होतं. मार्तंडराव त्याकडे खुळ्यासारखे बघत राहिले. हे घर त्यांच्या पणज्याचं. घरात पाणी यायचं ते माणसं निघून गेल्यावर, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. पोरवयात एकदा ते असेच आईचं बोट धरून होडीत बसले होते, तेव्हा चालत गेलेल्या गल्लीतली धूळसुद्धा ओली नव्हती. आणि आता स्वयंपाकघरात पाणी, आणि होडीचा पत्ता नाही.

ते अनवाणी घाटाकडे धावले. गल्लीत मागून, उत्तरेच्या सखल अंगाने शिरलेलं घोट्याएवढं पाणी वाहत होतं. घाटाच्या वरच्या पायऱ्यांवर माणसं गाठोडी घेऊन गोळा झाली होती आणि सगळ्यांच्या नजरा एकीकडे लागल्या होत्या. लाल पाण्याच्या मधोमध नवा चौथरा अर्धा बुडालेला, आणि त्यावर मारुती. त्याचे पाय कोरडे. शेंदूर नुकता लावल्यासारखा उजळ.

देव पूर्वी जिथे उभा होता ती जागा मार्तंडरावांनी नजरेने शोधली. ती पाण्याच्या खाली होती, केव्हाच बुडून गेलेली.

तेव्हा त्यांना कळलं. कुणी सांगावं लागलं नाही. ज्या कुणी पूर्वजाने तो देव तिथे बसवला त्याने आधी पूर पाहिले होते, एक नव्हे, पुष्कळ. कुठल्या पायरीला पाणी लागलं की गल्लीत यायला किती अवकाश उरतो, होडीच्या किती खेपा होतात, हे सगळं पाहून, तोलून, मग त्याने बरोब्बर त्या पायरीवर देव उभा केला होता. गाळात, शेवाळात, बेडकांत.  मार्तंडराव पायरीवर बसले.

मधल्या आळीतला रंगनाथ, मळईतला मोठा शेतकरी, खांद्यावर घोंगडी टाकून शेजारी उभा होता. त्याचाही चेहरा उतरला होता.

"मास्तर, ही काय गत? पानी आळीत शिरलं आन् देव कोरडा? आसं कदी झालं न्हाई."

"देवाकडे बोट दाखवू नकोस, रंगनाथ. देव आपण उचलला. मी उचलला."

 रंगनाथाने चौथऱ्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि तोंडावर हात ठेवला.

समोरच्या काठाला होड्या बांधलेल्या दिसत होत्या. एका होडीत गोरक्ष बसला होता. मार्तंडराव उठले, धोतराचा सोगा सोडून हलवू लागले, घसा फोडून ओरडू लागले. मागची माणसंही ओरडू लागली. नदीच्या आवाजात कुणाचं कुणाला ऐकू जाईना. पलीकडून गोरक्षाने उत्तराला हात वर केला आणि शांतपणे देवाकडे बोट केलं. पाय दिसताहेत, भिऊ नका, असा त्याचा अर्थ. आजोबांनी शिकवलं होतं तसंच तो करत होता.

रंगनाथ धावत जाऊन पहार घेऊन आला. दोघे पाण्यात उतरून चौथऱ्यापाशी गेले आणि देवाच्या बुडाशी पहार घातली. देव हलेना. बेलफळाचा रस घातलेला चुना, मार्तंडरावांनी स्वतः उभं राहून मळून घेतलेला. शंभर वर्षं ढळणार नाही असं ते गावभर सांगत फिरले होते. पहार सटकून रंगनाथाच्या हाताला लागली आणि प्रवाहात गेली.

"आता?" रंगनाथ म्हणाला.

मार्तंडरावांनी त्याच्या खांद्यावरची घोंगडी ओढली. पायरीवरच्या गाळात ती बुचकळली, पुन्हा पुन्हा, तिचा रंग पाण्यासारखा होईतो. मग ते चौथऱ्यावर चढले आणि घोंगडी त्यांनी देवाच्या पायांभोवती गुंडाळली. वाऱ्याने ती सुटू पाही. तेव्हा गुडघे टेकून त्यांनी दोन्ही हातांनी ती आवळून धरली, छाती देवाच्या मांड्यांना टेकवून. वरच्या पायऱ्यांवर कुणाला वाटलं मास्तर नवस बोलताहेत, कुणाला वाटलं शुद्ध हरपली. अंबिकाबाईंनी पदर तोंडात कोंबला. जन्मात पहिल्यांदा मार्तंडराव देवाच्या नावाने माणसांना फसवत होते, आणि त्या वेळी त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. एवढंच वाटत होतं की गोरक्षाने पाहावं.

गोरक्षाने पाहिलं. पाय दिसेनासे झाले तशी त्याने दोराची गाठ सोडली. त्याच्या मागून बाकीच्या होड्या सुटल्या. वरच्या अंगाने तिरकं येत, प्रवाहाला पाठ देत, त्या घाटाला लागल्या. पहिल्या खेपेला पोरं आणि बाळंतिणी, मग म्हातारी, मग बाकीचे. होडीवाल्याने आपलं माणूस आधी घ्यायचं नाही, हाही तिथला रिवाज. पहिल्या खेपेला गोरक्षाने आईचं नाव काढलं नाही. दुसऱ्या खेपेला त्याने नुसतं विचारलं, तेव्हा होडीतल्या बाया म्हणाल्या, साळूबाई दुसऱ्या होडीत असेल. दुसऱ्या होडीतल्यांना वाटलं ती पहिल्या होडीत गेली.

मार्तंडराव शेवटच्या खेपेला उतरले. तोवर पाणी खरंच देवाच्या पायाला लागलं होतं आणि घोंगडी वाहून गेली होती. काठावर पाय ठेवला तेव्हा गोरक्ष माणसांच्या घोळक्यातून प्रत्येकीच्या तोंडाकडे बघत फिरत होता.

"आई कुनाच्या होडीत आली?"

बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. मार्तंडरावांच्या कानात आपलाच आवाज वाजला: वेळ आहे अजून. 

गोरक्ष पुन्हा होडीत बसला. कुणी अडवलं तरी तो थांबला नसता, आणि अडवलंही नाही. बेटाचं खालचं टोक मोगलाईच्या अंगाला. घाटावरून ते दिसत नाही, काठावरून तर नाहीच. पाणी तिकडे मागून, उत्तरेच्या फाट्याने आधी शिरलं होतं. मातीच्या भिंती विरघळून छपरं खाली बसली होती. गोरक्ष परत आला तेव्हा होडीत फक्त शेळी होती. ती छपरावर चढून उभी राहिली होती, गळ्यातला दोर सुटलेला. कुणीतरी तो मुद्दाम सोडला होता.

साळूबाई पाणी उतरल्यावर बाभळीच्या रानात सापडली.

दिवसकार्य झालं. माणसं बेटावर परतून गाळ उपसू लागली. दगडी घरं शाबूत होती, कारण दारं उघडी होती आणि पाणी सरळ निघून गेलं होतं. शनिवारी सगळी घाटावर जमली. देवाला तेल वाहिलं, रुईच्या पानांची माळ घातली. रंगनाथ एका बाजूला मान खाली घालून उभा होता. घोंगडीचं त्याने कुणाजवळ काढलं नव्हतं, आणि ज्यांनी पाहिलं होतं त्यांना त्याचा अर्थ लागला नव्हता. मार्तंडराव घरून निघतच नव्हते. अंबिकाबाईंनी हाताला धरून आणलं.

गोरक्ष पुढे झाला. डोक्याचे केस काढलेले, चेहरा ओढलेला. त्याने देवाला नमस्कार केला आणि मग वळून मार्तंडरावांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"मास्तर, देवानं येळेवर सांगितलं म्हून येवढी मान्सं वाचली. तुमी त्येला मिठी मारून बसलावता, म्या होडीतनं बघितलं. आईचं तेवढंच आयुष्य हुतं. औंदा चौथरा आजून उंच करू. दगुड मी आनतो."

लोकांनी माना डोलावल्या. एका बाईने डोळ्यांना पदर लावला. मार्तंडरावांना वाटलं आपण इथेच, आत्ता, मरून पडलो तर बरं. गप्प राहिलं असतं तर त्यांना जन्मभर कुणी एका शब्दाने बोललं नसतं. उलट त्यांच्या पाया पडले असते. पुढच्या उन्हाळ्यात देव आणखी वर गेला असता, आणि त्याच्या पुढच्या पुरात पुन्हा कुणी ओट्यापाशी येऊन विचारलं असतं.

"ऊठ, गोरक्ष," ते म्हणाले.  "देवाने वेळेवर नाही सांगितलं. देवाचे पाय पाण्याला लागलेच नव्हते. मी घोंगडीने झाकले."

रंगनाथाने मान वर केली.

"देव पूर्वी खाली होता ना, तो त्यासाठीच खाली होता. मी तो वर चढवला. जुन्या जागी असता तर पाय केव्हाच बुडाले असते, आणि तू केव्हाच आला असतास. तुझी आई मला विचारून गेली होती. कोरडे आहेत, म्हणालो मी तिला."

गोरक्ष उठून उभा राहिला. त्याने मार्तंडरावांकडे पाहिलं नाही. चौथऱ्याकडे पाहिलं. मग खाली वाकून त्याने पूर्वीच्या जागेवरचा, गाळाने भरलेला दगड हाताने पुसला आणि तिथून देवाच्या पायांपर्यंत हात वर नेला, हळूहळू, पाणी चढतं तसा.

"येवढं चढाया किती येळ लागला आसंल?"

"सकाळपासून दुपारपर्यंत," मार्तंडराव म्हणाले.

गोरक्षाने हात तिथेच ठेवला.

"सकाळधरनं मी होडीतच बसून हुतो, मास्तर," तो म्हणाला. "वल्हं हातात घिऊन. मला दुसरं काय बी काम नव्हतं."